आई, बायोडेटातली ती ओळ काढ

प्रिय आई, बाबा,

काल मावशीनं आईनं बनवलेला माझा नवीन बायोडेटा मला व्हॉट्सअपवर पाठवला. उंची, गोत्र, नोकरी सगळं जुनंच, फक्त शिक्षणाखाली एक नवीन ओळ आली आहे, "चष्मा नाही". आई, मी आधी खूप हसली, मग रागच आला, म्हणून फोन न करता लिहून राहिली, कारण फोनवर तू मधातच "जेवली का" विचारून विषय बदलवते.

ते पुलगावचे लोक आठवतात का? दोन वर्ष झाले असतील. तू स्वयंपाकघरात माझ्या नाकावरून चष्मा काढून डब्यांच्या फळीवर ठेवला अन् म्हणाली, पाच मिनिटाचं काम आहे, आल्यावर घालजो. उजवा साडेपाच, डावा सहा. मायनस सहा म्हणजे चेहऱ्यापासून साधारण 17 सेंटिमीटरच्या पलीकडे सगळं धुकं, हे गणित मला डॉक्टरनं नंतर समजावलं, तेव्हा एवढंच कळत होतं की माझ्याच हातातल्या ट्रेमधले कप धड दिसत नव्हते. समोर चौघं बसले होते, त्यातला मुलगा कोणता हे पण कळलं नाही, मी त्याच्या काकाला दोनदा विचारलं साखर किती म्हणून. ते मला पाहून गेले, मी कोणालाच पाहिलं नाही. अन् नकार आला तो पण नंबर कुठून तरी कळला म्हणून! बाबा, तुम्ही तेव्हा काही बोलले नाही, पण संध्याकाळी माझ्या चष्म्याचा सैल स्क्रू शिलाई मशीनच्या बारक्या पेचकसानं कसून दिला होता.

म्हणून सांगते, चष्म्याचा नंबर काढायचं हे लासिक, म्हणजे लेसरचं ऑपरेशन, मी बायोडेटासाठी नाही केलं. मी केलं कारण नागपूरच्या उन्हात गाडीवर तोंडाला स्कार्फ बांधला की आपलाच श्वास काचेवर चढते अन् सिग्नल लाल आहे की हिरवा ते दिसत नाही, असे बारा वर्ष काढले मी.

अन् आई, "नंबर गेला" म्हणजे तुला वाटते तसं काही झालं नाही. बुबुळाच्या पुढची जी पारदर्शक काच असते, कॉर्निया, ती माझी 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जराशी जास्त. तिचा वरचा पातळ पापुद्रा उचलून खालून लेसरनं साधारण 90 मायक्रॉन घासलं अन् पापुद्रा परत बसवला, झालं. म्हणूनच आधी त्या मशीनवर एवढा वेळ नकाशा काढत होते, कॉर्निया पातळ निघाली असती तर लासिक नाही म्हणून घरी पाठवलं असतं. एक गोष्ट तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती, लेसर सुरू असताना केस जळल्यासारखा वास येते. दुखत नाही, थेंब टाकून डोळा सुन्न करतात, पण त्या वासानं मी टेबल घट्ट धरून ठेवला होता. बाहेर येऊन तुम्हाला म्हटलं काहीच नाही वाटलं.

पण डोळ्याचा गोळा आतून लांबच आहे, होता तसाच. मागचा पडदा ताणलेलाच आहे, म्हणून वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायचा, अन् कधी अचानक काळे ठिपके किंवा उजेडाचे झटके दिसले तर त्याच दिवशी पळायचं. मुलं झाली तर त्यांना पण नंबर लागू शकते. अन् चाळिशी तर मला पण लागणारच, तुमच्यासारखी, ती या ऑपरेशननं टळत नाही. एवढं सगळं "चष्मा नाही"मध्ये कसं बसवशील?

बाकी मजेत आहे. सवय मात्र जात नाही, अजून नाकावर बोट जाते चष्मा वर सरकवायला, अन् सकाळी उठल्या उठल्या हात उशीजवळ चाचपत बसते. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसत होती, आता कमी झाली. डोळे कोरडे पडतात, पापुद्रा उचलताना तिथल्या बारीक नसा कापल्या जातात म्हणून काही महिने असं राहते, त्यात मे महिना अन् रूममेटला कूलर नेमका तोंडावर पाहिजे, त्यावरून आमची रोज कटकट. मी दर दोन तासांनी थेंब टाकून राहिली. परवा बर्डीवरून मेट्रोनं घरी येत होती, सुभाषनगरच्या अलीकडे अंबाझरी तलावाचं पाणी दिसलं, त्यावर एक बगळा होता, खरंच बगळा, पांढरा ठिपका नाही. शेजारच्या काकूंना दाखवला तर त्या म्हणाल्या, त्यात काय.

तर आई, ती ओळ काढ. कोणी विचारलं तर सरळ सांग, सहा नंबर होता, ऑपरेशन केलं. यवतमाळवाले रविवारी येतो म्हणत असतील तर येऊ दे, फक्त काजळ लावायला सांगू नको, अन् चहा बाबा आणतील, मला नीट बसून पाहायचं आहे.

शनिवारी दुपारच्या गाडीनं गणेशपेठवरून निघते. बाबा, जुना चष्मा पण सोबत आणते, फेकवत नाही. त्याचा स्क्रू परत सैल झाला आहे.

तुमची,
छोटी