दुधाचा दगड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

जर्मन कलाकार वोल्फगांग लाइबच्या ‘दुधाचा दगड’ या कलाकृतीबद्दल तू विचारलंस, म्हणून आधी त्याचंच लिहितो. पांढऱ्या संगमरवराची लादी घ्यायची, वरची बाजू घासून अगदी किंचित खोलगट करायची आणि चारही कडा तेवढ्याच उंच राखायच्या. मग काठोकाठ दूध. पृष्ठताणामुळे ते कडेवर थबकतं आणि दगड कुठे संपला, दूध कुठे सुरू झालं, कळेनासं होतं. लादी पाणसळीत नसेल तर मात्र एका बाजूने दूध ओघळतं, दुसरीकडे दगड उघडा पडतो.

लाइबने १९७४ मध्ये वैद्यकीचं शिक्षण पुरं केलं, पण डॉक्टरकी केली नाही. पहिला दुधाचा दगड १९७५ चा.

संध्याकाळी दगडावरचं दूध काढून टाकायचं, दगड धुऊन पुसायचा, सकाळी ताजं भरायचं. रात्रभर ठेवलं तर दूध आंबतं, त्यातलं लॅक्टिक आम्ल संगमरवर खातं आणि झिलई जाते. पहिल्यांदा लाइब स्वतः भरतो, पुढे संग्रहालयातली माणसं. माझ्या मते हे रोजचं धुणं-भरणं हीच खरी कलाकृती. भारताशी त्याचं जुनं नातं आहे, त्यामुळे तुला अभिषेक आठवेल. पण अभिषेकाचं दूध वाहून जातं. इथलं दिवसभर निश्चल राहतं, आणि तो निश्चलपणाच मला प्रार्थनेसारखा वाटतो.

लाइब फुलांच्या परागाच्याही कलाकृती करतो. त्या परागाचं वेळापत्रक झाडं ठरवतात. दक्षिण जर्मनीतल्या त्याच्या गावाभोवती हिवाळा सरताना हेझेल फुलतं, मग डँडेलियन, पुढे पाइन. पाइन भरपूर देतो. डँडेलियनचा पराग फूल-फूल करून हाताने जमवायचा, आणि अख्ख्या हंगामात जेमतेम एक लहान बरणी. मांडताना चाळणीवर चमच्याने हलकेच ठोकत तो जमिनीवर पाडायचा. ओल लागली तर गुठळ्या होतात, वाऱ्याची झुळूक आली तर कड विस्कटते. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याने साधारण ५.५ बाय ६.४ मीटरचा हेझेलचा पिवळा चौक मांडला. तो पराग १९९० च्या दशकाच्या मध्यापासून साठवलेला होता. प्रदर्शन संपलं की सगळा गोळा करून, चाळून पुन्हा बरणीत. वाया काही जात नाही.

तू दगड करून पाहणारच असशील, तर आधी पाणी भरून बघ. ते चारही कडांना एकाच वेळी टेकलं पाहिजे. नाही टेकलं तर लादीखाली पातळ पाचर सरकव. कड घासायला जाऊ नकोस, गेलेला दगड परत येत नाही.

तुझा,
मित्र