आरोग्यमंत्री महोदय, बाळ जाण्याआधी दोन मिलिलिटर रक्त तरी जपून ठेवा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात एका जिल्हा रुग्णालयात सहा आठवड्यांचं बाळ दगावलं. कागदावर कारण लिहिलं, ‘हृदयक्रिया बंद’. त्याच जोडप्याचं पहिलं बाळही असंच गेलं होतं. दोन्ही बाळांपैकी एकाच्याही रक्ताचा थेंब कुणी ठेवलेला नाही. आता पुढच्या खेपेला गर्भाची तपासणी करायची म्हटलं तर प्रयोगशाळेने शोधायचं काय?

आम्हाला संशय आहे तो तान्ह्या बाळाच्या रोहिण्यांमध्ये (धमन्यांमध्ये) कॅल्शियम साचण्याच्या आजाराचा. ईएनपीपी१ किंवा एबीसीसी६ या जनुकात दोष असला की रक्तात पायरोफॉस्फेट कमी पडतं, आणि कॅल्शियमचे स्फटिक रोखून धरणारं तेच असतं. मग रोहिण्यांच्या भिंती कडक होतात, आतली वाट अरुंद होते, रक्तदाब चढतो, हृदय थकतं. जवळपास निम्मी बाळं सहा महिन्यांच्या आत जातात. आईबाप वाहक असतात, म्हणजे दोघांकडेही त्या जनुकाची एक सदोष प्रत असते, पण स्वतः ठणठणीत. दर गरोदरपणात धोका २५ टक्के. मामेबहिणीशी लग्न अजूनही होणाऱ्या आपल्या राज्यात हे दुर्लक्षित राहावं?

सोनोग्राफीवर विसंबता येत नाही. विसाव्या आठवड्याची तपासणी नॉर्मल येऊ शकते. महाधमनीची भिंत पांढरी चमकताना किंवा गर्भाच्या अंगात पाणी साठलेलं बऱ्याचदा शेवटच्या तिमाहीत दिसतं. तोवर २४ आठवडे उलटलेले असतात. त्यानंतरच्या गर्भपातासाठी वैद्यकीय मंडळाने तीन दिवसांत मत द्यावं, असं २०२१ चे नियम सांगतात. जनुकीय अहवालाला मात्र आठवडे लागतात.

खात्रीचा मार्ग एकच. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल घ्यायचं, आणि त्यात त्या घरातला नेमका दोष शोधायचा. त्यासाठी तो दोष आधी माहीत हवा आणि आईबापांच्या रक्तात पडताळलेला हवा. नुसतं आईबापांचं रक्त तपासता येतं, पण गेलेल्या बाळाला कोणता आजार होता हेच ठाऊक नसेल तर ते अंधारात चाचपडणं आहे. शिवाय जनुकाचा मोठा तुकडाच गळलेला असेल तर साध्या सिक्वेन्सिंगमधून (जनुकाची अक्षरं क्रमाने वाचण्याच्या तपासणीतून) तो निसटू शकतो. गर्भाच्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या तर निकालच चुकतो, म्हणून आईचं रक्त सोबत पाठवावंच लागतं.

आणि दोष सापडण्याची सुरुवात होते नवजात अतिदक्षता कक्षात. हृदय निकामी होण्याचं कारण सापडत नसेल तर लहान कफ लावून रक्तदाब मोजा. टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) महाधमनी आणि फुप्फुस धमनीच्या भिंती बघा. एक्स-रेत खांदा, नितंब, घोट्याभोवती पांढरे ठिपके शोधा. पालकांची लेखी संमती घेऊन जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत २ मिलि रक्त घ्या, तेही बाळाला रक्त चढवण्याआधी. हिरव्या झाकणाची हेपारिनची नळी नको, तिने पीसीआर, म्हणजे तपासणीसाठी डीएनएच्या प्रती वाढवणं, अडतं. फ्रीजची सोय नसेल तर फिल्टर पेपरवर थेंब सुकवून ठेवा. याला कोणती मोठी यंत्रसामग्री लागते, सांगा ना!

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात प्रतिबंधावर भर देण्याचं लिहिलं आहे. पुढे उपचारासाठी ५० लाखांपर्यंत मदत जाहीर झाली. पण निदान होण्याआधीच गेलेल्या बाळाला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. मुंबईत केईएम रुग्णालय हे दुर्मिळ आजारांचं उत्कृष्टता केंद्र आहे. गडचिरोलीतून तिथवर एक नळी पोहोचवण्याची व्यवस्था कुणाची जबाबदारी? गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याने आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भनिदानाला मुभा दिलेली आहे. तरी धाडीच्या धाकाने डॉक्टर हात वर करतात, कारण तुमच्या यंत्रणेने त्यांना या कायद्याची फक्त भीती दाखवली, परवानगी कधी समजावलीच नाही. बालमृत्यूंचे आकडे दर महिन्याला वर पाठवले जातात. ते मूल कशाने गेलं, हे खालीही कुणी विचारत नाही आणि वरही.

एक परिपत्रक काढा. कारण न कळलेल्या तान्ह्या बाळाच्या प्रत्येक मृत्यूत पालकांच्या संमतीने डीएनए जपून ठेवणं बंधनकारक करा, नमुना पाठवण्याचा खर्च शासनाने उचलावा, आणि जिल्हावार अनुपालन दर तिमाहीला जाहीर करा. त्या जोडप्याचं रक्त आम्ही तपासणीला पाठवतो आहोत. बाळाचं कुठून आणायचं, हे आपल्या खात्याने लेखी कळवावं.

आपले,
आनुवंशिक आजारांच्या क्षेत्रात काम करणारे डॉक्टर आणि समुपदेशक