अगापँथसला नुसतीच पानं का?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

निळ्या गोंड्यांवर भुलून अगापँथस हे फुलझाड घ्यायचं आणि पुढच्या वर्षी नुसती पानं मोजायची, हे बेळगावात अनेक अंगणांत दिसतं. त्यावर 'मुळं दाटली की फुलतो, कुंडी बदलू नका' असा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. ऐसपैस कुंडीत एकटं रोप आधी मुळं-पानं वाढवत बसतं, हे बरोबर. पण वरून घातलेलं पाणी आत न मुरता कडेने निसटू लागलं, जाड पांढरी मुळं मातीवर डोकावू लागली, की कुंडीत मातीच उरलेली नसते. अशी मुळं मातीची कुंडी तडकवतातही.

दर ४-५ वर्षांनी गड्डा फोडावाच. ऐन पावसात नको, कापलेला भाग कुजतो. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर बरा. प्रत्येक तुकड्याला २-३ शेंडे (पानांचे फुटवे) ठेवून धारदार सुरीने कापा, काप दिवसभर सावलीत सुकू द्या. मुळांच्या घेरापेक्षा जेमतेम दोन इंच मोठी कुंडी घ्या. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू. शेंडा मातीत गाडू नका. पहिल्या हंगामात फुलं कमी येतील, ते चालायचंच.

खानापूरकडच्या लाल मातीत निचरा आपोआप होतो. बैलहोंगल, गोकाककडच्या काळ्या मातीत मात्र फूटभर उंच वाफा केल्याशिवाय लावू नये. जून ते सप्टेंबर कुंडीखालची ताटली काढून दोन विटा द्या.

खताची वेळ तर बहुतेकांची चुकते. गोंडे सुकले की लोक झाडाकडे पाहत नाहीत. पुढच्या वर्षीच्या कळ्यांची तयारी नेमकी त्यानंतर सुरू होते. दांडे बी धरण्याआधी कापा. पावसाची उघडीप पाहून दर पंधरा दिवसांनी एकदा लिटरभर पाण्यात २ ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश (पालाशाचं खत) द्या. युरियाने पानंच माजतात. आणि आंब्याच्या सावलीत कितीही खत घाला, सहा तास ऊन नसेल तर उपयोग शून्य.

थंडीत पानं छाटण्याचा सल्ला पानगळीच्या जातींसाठी आहे. हिवाळ्यातही पानं हिरवी राहणाऱ्या जातींना कात्री लावू नये, फक्त पिवळी पानं ओढून काढावीत. चीक अंगाला लागला तर खाज सुटते, तेव्हा हातमोजे घाला.

— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव