लॉक मेलं, पुस्तक अडकलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्यात माझं छोटं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छपाईची पानं करून द्यायचं, दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, अधूनमधून एखादं पुस्तक, असं 28 वर्षं चाललंय. पेपरला पत्र लिहायची सवय नाही त्यामुळे लांबलं तर कापा, आम्हीही लोकांचा मजकूर पानात बसेना की तेच करतो.

मागच्या गणपतीत एक ताई दुकानात आल्या. त्यांचे वडील पाटणकडे प्राथमिक शिक्षक होते, त्यांनी 1999 साली तिकडची ग्रामदैवतं, जत्रा, पालखीचे मानकरी यावर 112 पानांचं पुस्तक काढलेलं, कंपोझ आमच्याकडेच. गुरुजी आता नाहीत. ताईंना दुसरी आवृत्ती काढायचीय, पण घरात एकच प्रत उरलेली आणि तिचा चौथा फर्मा, म्हणजे 49 ते 64 पानं, शिलाई सुटून कधीचा गळून गेलेला. मी म्हटलं ताई काळजी कशाला करता, फाइल आहे ना आपल्याकडे. हे वाक्य मला फार महागात पडलं.

सीडी सापडली, चाललीसुद्धा. पण फाइल पेजमेकर 6.5 ची. नवीन पोरांना माहीत नसेल, 1985 ला आलेल्या या सॉफ्टवेअरवर एके काळी सगळा मराठी डीटीपीचा धंदा उभा होता, शेवटचं मोठं व्हर्जन 7 हे 2001 चं, त्यानंतर सगळे हळूहळू इनडिझाइन या पानं लावायच्या नव्या सॉफ्टवेअरकडे गेले. इनडिझाइन सीएस 6 पर्यंत पेजमेकरची फाइल उघडायचं, त्याच्या पुढच्या व्हर्जनमधून ती सोयच काढून टाकली. म्हणजे जो आपलं सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अपडेट करत गेला तोच नेमका अडकला.

तरी ते सुटलं. लिब्रेऑफिस म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे त्याला 2015 पासून पेजमेकरच्या फाइली वाचता येतात, माझ्या भाच्याने सांगितलं. उघडली. पानं आली, चौकटी आल्या, फोटोंच्या जागी नुसते रिकामे डबे, कारण फोटोंची फाइलीत फक्त लिंक होती आणि मूळ फोटो कुठल्या तरी झिप डिस्कवर, जिचा ड्राइव्ह आता भंगारातही मिळत नाही. आणि मजकूर? कंस, डॉलर, इंग्रजी अक्षरं, सगळा चिवडा.

खरं दुखणं पेजमेकर नाहीच, फॉन्ट आहे. तेव्हाच्या मराठी फॉन्टमध्ये 'क' हा कॉम्प्युटरच्या लेखी क नसायचाच, एखाद्या इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागेवर क चं चित्र बसवलेलं. जागा जेमतेम दोन-सव्वादोनशे, त्यात अर्धी अक्षरं, रफार, वेलांट्या, जोडाक्षरं कोंबायची, आणि कुठलं चित्र कुठे हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. फॉन्ट गेला की मजकूर गेला. वर फॉन्टच्या पॅकेजला लॉक, प्रिंटरच्या पोर्टला लावायचं काडेपेटीएवढं डोंगल, ते नसेल तर पॅकेज चालूच होत नाही. आमचं लॉक पाच-सहा वर्षांपूर्वी मेलं आणि ते पोर्ट तर आताच्या कॉम्प्युटरला असतही नाही. कंपनीला फोन केला, नाव लिहीत नाही, तर ते म्हणाले ते व्हर्जन कधीच बंद झालं, नवीन पॅकेज घ्या. नवीन घेऊन जुनी फाइल दिसेल का विचारलं तर म्हणाले सांगता येत नाही.

मग कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर आजच्या फॉन्टमध्ये बदलून देणारे प्रोग्राम. हे लागतात पण भरवशाचे नाहीत. 'स्थिती'ची पहिली वेलांटी स आणि थ च्या मधे अडकून तिथे ठिपक्यांचं वर्तुळ. त्याहून वाईट म्हणजे जे चुकलेलं दिसतच नाही ते. गुरुजींनी लिहिलेल्या 'दऱ्या' सगळ्या 'दर्या' होऊन आल्या, सह्याद्रीत समुद्र! पुस्तकभर 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. एवढं प्रूफ वाचायला मला आणि बायकोला तीन आठवडे लागले, दुकान बंद झाल्यावर रात्रीचं. जी पानं छापील प्रतीत होती ती ताडून बघता आली, चौथ्या फर्म्याला मात्र आधारच नाही, आणि वाड्या-वस्त्यांची नावं अंदाजाने दुरुस्त करायची नसतात हो.

चूक माझीही आहे. तेव्हा चाळीस रुपयांच्या सीडीवर फाइल टाकली की आपण सगळं जपून ठेवलं असं वाटायचं. ट्रेसिंगसुद्धा, म्हणजे छपाईच्या प्लेटसाठी पारदर्शक कागदावर काढलेली पानं, पाच वर्षांनी आम्हीच रद्दीत दिले, जागा नाही म्हणून. मधल्या काळात कधीही, लॉक जिवंत असताना, दोन दिवस बसून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, काढून ठेवता आला असता. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. आम्ही मात्र बरीच वर्षं जुन्याच फॉन्टवर धंदा केला, हात बसलेला होता आणि तेव्हाच्या पेजमेकरला युनिकोड मराठी झेपतही नव्हतं.

आपल्याकडे 1954 चा कायदा आहे, पुस्तक छापलं की प्रकाशकाने त्याच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासारख्या ठरलेल्या ठिकाणी पाठवायच्या. गुरुजींना हे कुणी सांगितलंच नव्हतं, आम्हीही नाही. पण पाठवल्या असत्या तरी तिथे कागद जाणार, मजकुराची फाइल नाही. मंडळं, संस्था पुस्तकाला अनुदान देतात तेव्हा बिलाबरोबर साधी युनिकोड टेक्स्ट फाइल आणि पीडीएफ मागायला काय हरकत आहे? आणि जे स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढतात त्यांना सांगतो, डीटीपीवाल्याकडून नुसती 'ओपन फाइल' घेऊ नका, ती आमच्यासारख्याच्या मशीनवरच ओपन असते. मजकूर साध्या टेक्स्टमध्ये घ्या, फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या, घरी नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतंय का बघा आणि मगच उरलेले पैसे द्या. जुन्या पीडीएफवर विसंबू नका, दिसते छान, छापताही येते, पण त्यातला मजकूर कॉपी करून बघा, तोच चिवडा निघतो.

आणखी एक विनंती. तुमच्या वाचकांत जुने डीटीपीवाले भरपूर असतील, कुणाच्या माळ्यावर विंडोज 98 चा डबा आणि चालू लॉक असेल तर विकू नका, आधी गिऱ्हाइकांच्या फाइली काढून ठेवा.

ताईंचं पुस्तक आता जवळपास तयार आहे. चौथ्या फर्म्यातली दोन वाड्यांची नावं आणि एका मानकरी घराण्याचं आडनाव तेवढं कोरं सोडलंय, तिथे कन्व्हर्टरने काय खाल्लं ते कळतच नाही. ताई म्हणाल्या, जत्रेला वर जाणारच आहे, पुजाऱ्यांना विचारून येते.

आपला,
एक डीटीपीवाला, सातारा