नवी सायकल घेऊन देऊ नकोस

चि. सोन्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, आई ती जुनीपानी सायकल कुणाला तरी देऊन टाक, मी तुला नवी घेऊन देतो, सरळ हँडलची, ताठ बसून चालवायची, त्यावर मी बरं बघू म्हटलं, कारण मागून तुला कोणीतरी हाका मारत होतं आणि तुझं लक्ष नव्हतं. तर बरं बघू म्हणजे हो नव्हे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहितेय, लांबेल जरा, रात्री निवांत वाच.

आधी कबुली देऊन टाकते. ही वापरलेली रेसिंग सायकल घेताना मी तुला विचारलं नाही आणि बाबांनाही नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही दोघांनी मिळून मला नीट समजावलं असतं आणि मी समजले असते. लग्नाआधी मी रेसिंग सायकल चालवायचे हे तुला त्या एका फोटोपुरतं माहितीय. त्यात बघ, गियरच्या दांड्या खाली तिरक्या नळीवर आहेत, म्हणजे गियर बदलायचा तर हँडलवरचा एक हात सोडून खाली वाकायचं, तेही चढावर, दम लागलेला असताना. १९९० ला शिमानो कंपनीने ब्रेकच्या दांडीतच गियर आणले आणि ती कसरत संपली, पण तोवर माझी सायकलच सुटत आली होती, मग नोकरी, मग तू. आता त्रेपन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा ब्रेकवरचं बोट आत ढकलून टक्क करून गियर टाकला. खरं सांगू, त्या एका टक्कसाठी सुद्धा पैसे वसूल आहेत.

आणि डोळे मिटून घेतली असं समजू नकोस. विकणारा मुलगा चोवीस-पंचवीसचा असेल, सायकल का विकतोय ते त्याने सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही, पण बिल मात्र मागितलं आणि पायडलच्या आसाखाली फ्रेमवर कोरलेला नंबर उलटी करून बिलाशी ताडून बघितला. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवली, हँडलच्या बेअरिंगमध्ये खेळ नव्हता. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, धरून आडवा हलवला, तिथेही नाही. पुढचं चाक धरणारी चिमटी कार्बनची म्हणून नाण्याने वरपासून खालपर्यंत टकटक करत गेले, एखाद्या ठिकाणी आवाज बद्द आला तर आत तडा असू शकतो, तसा कुठे आला नाही. हँडलच्या मागे जिथे दोन नळ्या मिळतात तिथे खालून बोट फिरवलं, कारण समोरून ठोकलेल्या सायकलला तिथे रंगाखाली सुरकुती येते. चाक गरगर फिरवून ब्रेकच्या रबरापासूनचं अंतर बघितलं, मागच्यात किंचित आऊट होता, तो तारा आवळून निघाला. मुलगा नुसता बघत उभा होता, शेवटी म्हणाला काकू, तुम्ही मेकॅनिक आहात का.

काकूंनी चेन बघितलीच नाही! एवढं सगळं टकटक करून चेन राहिली. घरी आणल्यावर जोर लावला की कटकट, कटकट, पाय एकदम रिकामा फिरायचा. आपण म्हणतो चेन ताणली गेली, पण ती रबरासारखी ताणत नाही, प्रत्येक जोडातली पिन आणि तिचं भोक झिजतं आणि शंभराहून जास्त जोडांची केसाएवढी झीज एकत्र होऊन अख्खी चेन लांबते. घरातल्या साध्या पट्टीने कळतं. एक पिन धरायची, तिथून पुढची चोविसावी पिन बरोब्बर १२ इंचावर यायला हवी. अर्धा सूत पुढे गेली की चेन बदलायची. माझी पूर्ण एक सूत पुढे होती, म्हणजे मागच्या चक्रांचे दातही त्या लांबलेल्या चेनीप्रमाणे झिजलेले, नवी चेन त्यांच्यावर बसतच नाही, घसरते. दोन्ही बदलावं लागलं, हा फटका बसला, मान्य. पण बदलायचंच आहे तर मी मागचं सगळ्यात मोठं चक्र २५ दातांचं होतं त्याऐवजी २८ चं घेतलं. पुढे ५३ आणि ३९ दातांच्या चक्रांची जोडी आहे, ती त्या मुलाच्या मांड्यांसाठी, माझ्या नाही. मागचं चक्र मोठं तेवढा गियर हलका, म्हणून ते तीन दात मला चढावर रोज उपयोगी पडतात.

मग माप. हे मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच किचकट निघालं, कारण मी ते दोनदा चुकवलं. सीटची नळी पुसून तेलग्रीस लावायला बाहेर काढली (जुन्या सायकलमध्ये ती फ्रेममध्ये गंजून घट्ट बसलेली असू शकते, म्हणून तेही आधी बघायचं असतं) तर तिच्यावर गोल कडं पडलेलं, घासून पांढरं झालेलं, तो मुलगा इतकी वर्षं सीट जिथे आवळत होता ती खूण. भिंतीला पाठ लावून, दोन पायांत पुस्तक घट्ट वर धरून जमिनीपासून मोजलं, ७४ सेंटीमीटर. त्याला ०.८८३ ने गुणायचं ही जुनी रीत आहे, आले ६५.३, एवढं अंतर क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत. त्याचं ७१ होतं. म्हणजे जवळजवळ सहा सेंटीमीटर खाली, ते कडं फ्रेमच्या आत गेलं, आता दिसत नाही पण आहे आत. इथवर बरोबर. पण हँडल मी आवडीने खालीच ठेवलं, फोटोतल्यासारखं, पाठ सपाट, कोपर आत. का, तर मला वाटलं माझ्या अंगाला ते माहितीय. तीन दिवसांत मान आखडली, आणि दोन्ही हातांची शेवटची दोन-दोन बोटं इतकी बधिर की शर्टाचं बटण लागेना. तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूला नस असते, ती हँडलवर दाबली जाते. बाबा म्हणाले, त्या मुलाच्या मापातून काढलीस सायकल आणि फोटोतल्या पोरीच्या मापात घातलीस. ते कधीकधी बरोबर बोलतात.

मग हँडल धरणारा तो स्टेमचा तुकडा ११ सेंटीमीटरचा होता तो काढून ८ चा लावला, आणि तोही उलटा, म्हणजे खाली झुकण्याऐवजी वर उठणारा. रेसवाले बघून हसतात म्हणे. हसू देत. पंधरा दिवसांत बोटं जागेवर आली.

म्हणूनच तुझं ते सरळ हँडल नको म्हणतेय. सरळ हँडलवर हाताला जागा एकच, आणि ताठ बसलं की सगळा भार सीटवर. या वाकड्या हँडलवर मी वरच्या आडव्या दांडीला धरते, मग ब्रेकच्या टोप्यांवर येते, समोरून वारा आला की खाली वाकते, दर पाच मिनिटांनी मनगट वेगळ्या कोनात. आरामशीर कुठलं ते तूच सांग.

पडल्याचं तुला बाबांनी सांगितलंच असणार, चवीचवीने. झालं असं की सायकलबरोबर बुटाला अडकणारे पायडल आले होते. आमच्या वेळी पायाला पिंजरा आणि चामडी पट्टा असायचा, तो गेला म्हणून या नव्यांना क्लिपलेस म्हणतात, म्हणजे ज्यात पाय खटकन अडकतो त्याचं नाव क्लिप नसलेलं, हे मला अजून पटलेलं नाही. स्कीच्या बुटांचे खटके बनवणाऱ्या लूक कंपनीने ते आणले आणि फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनोने १९८५ ची टूर द फ्रान्स शर्यत त्यांच्यावर जिंकली. मी त्यांच्यावर सिग्नलला उभी राहिले. टाच बाहेर वळवायची की पाय सुटतो, हे मला पाठ होतं, पण सायकल थांबली आणि पाय जुन्या सवयीने सरळ मागे ओढला, पिंजऱ्यातून ओढायचे तसा. मग कळतं आपण पडतोय, कडेला, अगदी सावकाश, झाड पाडतात तसं, आणि काही करता येत नाही. कोपर खरचटलं, शेजारी एक रिक्षा होती तिच्यातल्या बाईंनी आईगं म्हटलं, बस्स. घरी येऊन साधे पायडल लावायचे ठरवले तर डावं निघेचना. अर्धा तास पान्ह्याला लोंबकळले आणि मग आठवलं की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, पाय मारताना ते आपोआप सुटू नये म्हणून, आणि मी अर्धा तास ते आणखीनच आवळत होते. हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून आहे आणि ते नवं कोरं, वापरलेलं नाही, कारण त्याच्या आतला फोम एकदाच दबतो आणि आधी दबलाय की नाही ते बाहेरून दिसत नाही. तेव्हा ती काळजी सोड.

आता दमाचं. सायकल चालवणं माणूस विसरत नाही म्हणतात, खरंय, दहा फुटांत तोल आला, पण परत आला तो फक्त तोल. पहिल्या महिन्यात मी जोरात दाबत चालवायचे, मोठ्या गियरवर, आणि गुडघा पुढून दुखायला लागला. दम लवकर वाढतो, काही आठवड्यांत, पण गुडघ्याच्या दोऱ्यांना, म्हणजे स्नायू हाडाशी बांधतात त्यांना, कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि मधल्या काळात माणूस स्वतःला भारी समजून गुडघे घालवतो. आता सपाटीवर हलका गियर टाकून मिनिटाला पायडलचे ऐंशी-पंच्याऐंशी फेरे ठेवते. चढावर ते जमत नाही. आपल्या त्या लांब चढावर शेवटच्या वळणाआधी ३९ आणि २८ वर, म्हणजे सगळ्यात हलक्यावर, मिनिटाला पंचेचाळीस फेरे, ताशी आठ किलोमीटर. परवा एक आजोबा पळत होते माझ्या बरोबरीने, पूर्ण वळणभर, शेवटी तेच लाजून मागे राहिले. टायरही बदललेत बरं, २३ मिलिमीटर रुंदीचे काढून २५ चे, आणि हवा १२० पीएसआयवरून ८० वर आणली, कारण खडबडीत रस्त्यावर दगडासारखा टायर धावत नाही, उडतो, आणि ते उडणं आपलं अंग खातं. २८ चे बसवायचे होते पण ब्रेकमध्ये जागा नाही. ही एक खंत आहे या सायकलची, लपवत नाही.

तर नवी नको. नवी आली तर ती शोरूमच्या मापाने येणार आणि मला परत पहिल्यापासून सुरुवात. हिच्यातलं काय माझं आहे आणि काय त्या मुलाचं उरलंय ते मला आता हाताला कळतं.

पण तुला काही आणायचंच असेल तर एक आण. ॲलन कीचा, म्हणजे षटकोनी चाव्यांचा, आपला सेट आहे ना, त्यात ४ आहे, ६ आहे, ८ सुद्धा आहे, आणि मधे ५ ची खाच रिकामी. सीटचा बोल्ट ५ चा, स्टेमचे ५ चे, ब्रेकचे ५ चे, मी दर वेळी खालच्या मजल्यावरून मागून आणते आणि त्यांना वाटतं मी रोज काहीतरी मोडते. शिफ्ट होताना तुझ्या टेबलाचे पाय जोडायला तू नेलीस ती. टेबलाच्या खणात बघ, उजव्या.

तुझी
आई