भरतीच्या चार तासांपुरता किनारा मोकळा ठेवावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत अलिबाग, नागाव, काशीदकडे निघणाऱ्या पर्यटकांसाठी खाण्या-राहण्याची माहिती दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येते. त्या माहितीत एका गोष्टीची भर घालावी, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. मी अलिबाग तालुक्यात राहतो आणि गेली काही वर्षे आश्विन-कार्तिकात अक्षीच्या किनाऱ्यावर पक्षी पाहायला जातो. अक्षीचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते ते तिथल्या मराठी शिलालेखामुळे; पण साखर आणि अक्षी यांच्यामधली खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथली वाळू आणि चिखल या दिवसांत पाहण्यासारखे असतात.

पाऊस ओसरला की या पट्ट्यावर चिखल्या, तुतवार, कोरल, कुरव (सीगल) आणि सुरय या पक्ष्यांचे थवे दिसू लागतात. वाळूच्या रंगाचा, मुठीएवढा छोटा चिखल्या लडाख-तिबेटच्या उंच पठारांवर किंवा मध्य आशियात अंडी घालतो आणि हिवाळ्यासाठी आपल्या सपाट किनाऱ्यावर उतरतो. ऑगस्ट-सप्टेंबरात आलेल्या एखाद्या चिखल्याच्या छातीवर विणीच्या काळातली तांबूस पट्टी अजून दिसते. दिवाळीपर्यंत ती जाऊन सगळे सारखेच राखाडी-तपकिरी होतात आणि नवख्याला ओळखता येत नाहीत. (जुन्यांनाही येत नाहीत, फक्त ते कबूल करत नाहीत.) लांब, खाली वळलेल्या चोचीचा कोरल चिखलात खोलवर दडलेले किडे आणि खेकडे काढतो, तर काळा-पांढरा कालवफोड्या गाजरासारख्या लालभडक चोचीने शिंपले उघडतो. या पक्ष्यांपैकी अनेक जातींत मोठे पक्षी आधी येतात आणि त्या वर्षी जन्मलेली पिले मागाहून, आईबापांशिवाय, हजारो किलोमीटर उडत आपली आपण येतात.

यांचे घड्याळ सूर्यावर नव्हे, भरती-ओहोटीवर चालते. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते खातात, मग ती पहाट असो की मध्यरात्र. भरतीने तो झाकला की खाणे थांबते आणि सगळे पक्षी पाण्याच्या वर उरलेल्या कोरड्या वाळूच्या अरुंद पट्टीवर दाटीने येऊन बसतात. हा आराम त्यांना लागतोच. याच दिवसांत प्रौढ पक्ष्यांची पंखांतली जुनी पिसे गळून नवी येत असतात आणि त्यातच त्यांची बरीच शक्ती खर्ची पडते.

आता दिवाळीचे गणित पाहा. आमच्याकडच्या कोळीवाड्यातली म्हातारी माणसे भरतीची वेळ तिथीवरून सांगतात: तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरती किती वाजता, ते कळते. अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. प्रत्यक्षात थोडे मागेपुढे होते, पण हिशेब चुकत नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, म्हणजे पाणी उधाणाचे. त्या दिवसापासून भाऊबीजेपर्यंत पूर्ण भरती सकाळी अकरा ते दुपारी दीडच्या दरम्यान येते, आणि नाश्ता आटोपून पर्यटक किनाऱ्यावर उतरतात ते नेमके त्याच वेळी. उधाणामुळे वाळूची पट्टी सर्वांत अरुंद झालेली असते आणि तिच्यावर माणसे, घोडागाड्या, चारचाकी वाहने व थकलेले पक्षी असे सगळेच एकत्र येतात. मुंबईकडून पर्यटक साधारण शनिवार-रविवार पाहून येतात. पक्ष्यांना तिथीवाचून दुसरे काही ठाऊक नसते.

मागच्या दिवाळीत मी सुरूच्या बनाच्या कडेला बसून चिखल्यांचा एक थवा पाहत होतो. जोराचा वारा होता. सगळे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून, एक पाय पोटाशी घेऊन बसले होते, आणि नीट पाहिल्यावर दिसले की बरेचसे आदल्या संध्याकाळी गेलेल्या जीपच्या चाकोरीत ओळीने बसले आहेत. तेवढ्या चार बोटे खोलीत त्यांना वाऱ्यापासून आडोसा मिळत होता. थोड्या वेळाने दुसरी गाडी आली, ती त्याच चाकोरीतून. रुतू नये म्हणून चालक जुनी चाकोरीच धरतात. थवा उडाला, समुद्रावर दोन गिरक्या घेऊन परत बसला आणि पुन्हा उडाला. पाऊण तासात असे सात वेळा झाले. शेवटच्या वेळी तो परतलाच नाही, रेवदंड्याच्या दिशेने गेला. त्या किनाऱ्यावर त्याला याहून शांतता मिळाली असेल असे मला वाटत नाही.

दोष एकट्या वाहनांचा नाही. आम्हा पक्षीनिरीक्षकांपैकी काही जण बसलेला थवा उडवून त्याचे छायाचित्र घेतात. मोठी लेन्स हातात असताना पक्ष्याजवळ आणखी दहा पावले का जावे लागते, हे मला कधी कळलेले नाही. भाऊच्या धक्क्यावरून आणि गेटवेवरून सुटणाऱ्या लाँचमधून कुरवांना शेव-गाठ्या आणि वेफर्स भरवणारे हौशी प्रवासी तर आपण सर्वांनी पाहिले आहेत. तिबेटच्या सरोवरांवर वाढलेल्या पक्ष्याला मीठ-मसाल्याचे तळण भरवण्याला भूतदया म्हणता येणार नाही.

महाराष्ट्र शासन 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळते. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा 12 नोव्हेंबर. सलीम अलींनी सुगरणींच्या घरट्यांचे निरीक्षण केले ते 1930 मध्ये, आमच्याच तालुक्यातल्या किहीमला. सप्ताहात शाळांमधून चित्रकला स्पर्धा आणि व्याख्याने होतात, ती व्हावीतच. परंतु हा सप्ताह बहुधा दिवाळीच्या सुट्टीला लागून येतो, तेव्हा त्याच आठवड्यात किनाऱ्यावर एक साधी गोष्ट करून पाहता येईल. खाडीच्या मुखाजवळचा दोन-तीनशे मीटरचा पट्टा पूर्ण भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास वाहने, घोडे व मोकाट कुत्री यांच्यापासून मोकळा ठेवावा. त्यासाठी चार बांबू, एक दोरी आणि स्थानिक दोन तरुण पुरेत. घोडागाडीवाल्यांना उरलेला अख्खा किनारा आहेच. वाळूवर वाहने नेण्यास मनाई असल्याचे फलक काही ठिकाणी आहेत, पण फलकाशेजारूनच गाड्या खाली उतरतात, म्हणून तिथे माणूस उभा असणे आवश्यक आहे.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणी आहे. पंचांगाच्या चौकटीत सूर्योदय, सूर्यास्त आणि राहुकाळ आपण रोज छापता. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या आवृत्त्यांत निदान वसुबारसेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत त्याच चौकटीत पूर्ण भरतीची वेळही छापावी. पोहायला उतरणाऱ्यांनाही तिचा उपयोग होईल.

आपला,
एक वाचक, ता. अलिबाग