डॉक्टर-संशोधकाला आठवड्यातले दोन दिवस द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नीटचा निकाल लागला की आयव्हीएफ तज्ज्ञ होण्याची चर्चा घराघरांत सुरू होते. याच क्षेत्रात ओपीडीत रुग्ण तपासून त्यांच्याच हार्मोन्सचा प्रयोगशाळेत अभ्यास करणाऱ्या डॉक्टरचीही वाट आहे. तिकडे कोणी फिरकत नाही, आणि त्याला मुले जबाबदार नाहीत.

पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी लांबवणारा अंडाशयाचा विकार. त्यावरचा साधा अभ्यास घ्या. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, सकाळी आठच्या सुमारास रक्त घ्यावे लागते. १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे हार्मोन दुपारपर्यंत उतरते, म्हणून पीसीओएससारखाच दिसणारा अॅड्रिनल ग्रंथीचा सौम्य जन्मजात दोष नजरेतून सुटू शकतो. बीज सुटल्यानंतर ते वाढते, म्हणून नसलेल्या दोषाचा संशय येतो. बदलापूरहून येणारी रुग्ण पाचव्या दिवशी अकराला पोचली की ती संधी गेली. पाळीच लांबलेली असल्याने पुढची संधी दोन-तीन महिन्यांनी.

त्यात बायोटिन हे जीवनसत्त्व. पीसीओएसमध्ये केस गळतात, म्हणून मुली केमिस्टकडून बायोटिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या आणून घेतात. तपासणीचे यंत्र चाचणीतच बायोटिन वापरणाऱ्या बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन पद्धतीचे असेल तर याच गोळीमुळे टेस्टोस्टेरॉन खोटे वाढलेले आणि थायरॉइडच्या तपासणीतले टीएसएच खोटे कमी दिसू शकते. गोळी किमान दोन दिवस आधी थांबवली की प्रश्न मिटतो. पण तिला हे विचारणार कोण? ओपीडीतल्या डॉक्टरला यंत्राची पद्धत ठाऊक नसते आणि प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाला रुग्ण दिसतच नाही. गर्भनिरोधक गोळ्यांचेही तेच. त्या बंद करून तीन महिने झाल्याशिवाय टेस्टोस्टेरॉनचा आकडा भरवशाचा नसतो, आणि तेवढा काळ दुसरे गर्भनिरोधन सुचवण्याचे काम डॉक्टरचेच. शिवाय स्त्रियांमधले टेस्टोस्टेरॉन इतके कमी असते की नेहमीच्या इम्युनोअॅसेवर (अँटिबॉडी वापरून केलेल्या तपासणीवर) विसंबता येत नाही. रेणू वजनावरून ओळखून मोजणारी मास स्पेक्ट्रोमेट्री लागते. सीरम वेगळे करून अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरच्या कुप्यांत उणे ८० अंशांवर ठेवले नाही, तर प्रत्येक चाचणीसाठी तोच नमुना पुन्हा पुन्हा वितळवला जातो आणि खराब होतो.

या दोन्ही बाजू जाणणारा एकच माणूस हवा, आणि तो आपण घडवत नाही. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, मग एमएस किंवा एमडीची तीन. एंडोक्रिनोलॉजीचे (हार्मोनशास्त्राचे) डीएम, म्हणजे एमडीनंतरची पदवी, मेडिसिन किंवा बालरोगातल्या एमडीला खुले आहे, स्त्रीरोगतज्ज्ञाला नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाने जायचे ते रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनला, जिथे भर आयव्हीएफवर. अमेरिकेत स्त्रीरोगाच्या चार वर्षांच्या रेसिडेन्सीनंतर प्रजनन-अंतःस्राव विषयाची तीन वर्षांची फेलोशिप असते. त्यात संशोधनाचा काळ राखीव आणि प्रबंध सक्तीचा. आपल्याकडे पीएचडी करायची ती ओपीडी, ऑपरेशन आणि इमर्जन्सी सांभाळून उरलेल्या वेळात. मग खासगी सेंटरने बोलावल्यावर कोणी गेले तर दोष कसा द्यायचा?

मुंबईला हे नवे नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये तेव्हा देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी मानल्या गेलेल्या हर्षाचा जन्म झाला, तो डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या एकत्र कामातून. पुढे आनंद कुमार यांनी कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या नोंदी तपासल्या आणि भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे श्रेय मुखर्जींचे आहे, असे स्वतःच जाहीर केले. असे मोठे मन विरळाच. रुग्णालय आणि संशोधन संस्था आजही एकाच परिसरात आहेत. दोन्हीकडे नेमणूक असलेले पद मात्र नाही.

महापालिका आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाने अशी संयुक्त पदे काढावीत, नेमणूकपत्रातच आठवड्यातले दोन दिवस ओपीडीमुक्त लिहून द्यावेत, आणि सकाळी साडेसातला हजर असणारी एक संशोधन परिचारिका द्यावी. ही परिचारिका नसेल तर बाकी सारे कागदावर राहते.

या वाटेने येऊ पाहणाऱ्या रेसिडेंट्सनी प्रबंधाचा विषय ठरताच एलायझाची (हार्मोन मोजण्याच्या चाचणीची) एक प्लेट स्वतःच्या हाताने लावून पाहावी, प्रत्येक नमुना दोनदा. औषधाची चाचणी असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयची (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी. एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही.

आपले,
प्रजनन-अंतःस्राव विषयात काम करणारे काही डॉक्टर,
परळ, मुंबई